फूड हॉलमधे एशियन खायला जाताय? या चुका टाळा

पोरगं पुण्यात नोकरीला, पोरगी मुंबईत शिकायला, अशी घरं आता जळगाव-धुळे-नंदुरबारकडे गल्लोगल्ली आहेत, आणि आईवडील भेटायला गेले की पोरं हौसेनं त्यांना एखाद्या नव्या फूड हॉलमधे नेतात. एका छताखाली जपानी, कोरियन, थाई, व्हिएतनामी, बर्मी असे काउंटर, मधे टेबलं, पाहिजे तिथून पाहिजे ते घ्या. कल्पना भारीच आहे. पण बऱ्याचदा होतं काय की नाना मेनू बघून गोंधळतात, आक्का म्हणतात "हाई काय शे?", पोरांनाही नीट सांगता येत नाही आणि शेवटी सगळे मंचुरियन, फ्राइड राइस खाऊन बाहेर पडतात, वरून "यापेक्षा आपल्या गाडीवर चांगलं मिळतं". गाडीवर चांगलं मिळतं हे खरंय, पण मंग जे खायला गेलो होतो ते राहूनच गेलं ना. मला मनापासून वाटतं की आपल्या माणसांनी हे जेवण नीट चाखावं, कारण त्यातलं बरंचसं आपल्या जिभेला परकं नाहीच, फक्त तिथे गेल्यावर काही ठराविक चुका होतात त्या टाळायच्या.

शिरल्या शिरल्या पहिल्याच काउंटरला ऑर्डर

भूक लागलेली असते, पोरं ओढत असतात, आणि दाराशी जो काउंटर दिसेल तिथेच पैसे भरून मोकळे. मंग चार पावलं पुढे गेल्यावर कळतं की तिकडे समोर डिमसम, म्हणजे सारण भरलेले छोटे चिनी मोदकासारखे पदार्थ, वाफवताहेत. आधी एक पूर्ण चक्कर मारा, काहीही न घेता. कुठे ताजं बनतंय, कुठे नुसतं गरम करून देताहेत, कुठे गिऱ्हाईक जास्त आहे हे एका फेरीत दिसतं. एकाने टेबल धरून बसायचं, बाकीच्यांनी फिरायचं. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमधे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरतात आणि लोक ते मानतात, पण आपल्याकडे पर्स किंवा मोबाइल ठेवून जाऊ नका, माणूसच बसवा.

सिंगापूरचं नाव काढलं तर हेही सांगतो, अशी जागा मुळात वाटून खाण्यासाठीच असते. तिथे रस्त्यावरचे खाद्यविक्रेते सरकारने एका छताखाली आणले आणि त्यातून ही हॉकर सेंटर उभी राहिली, २०२० साली युनेस्कोने त्या हॉकर संस्कृतीला वारसा यादीत घेतलं. चार टपऱ्यांवरून चार पदार्थ आणायचे, मधे ठेवायचे, सगळ्यांनी थोडं थोडं खायचं. आपल्याकडे मात्र प्रत्येकजण आपापली प्लेट घेऊन बसतो, मंग एकाला आवडत नाही तर ती पूर्ण प्लेट वाया. चौघं असाल तर आधी दोनच पदार्थ घ्या, ते संपले की पुढचे दोन. सगळं एकदम मागवलं तर रामेनच्या, म्हणजे जपानी नूडल सूपच्या, शेवया रश्शात फुगून लगदा होतात, वॉकमधून (खोलगट चिनी कढईतून) गरमागरम आलेल्या नूडल्सची धुरकट चव गार झाल्यावर राहत नाही, आणि नाव मात्र पदार्थाचं खराब होतं.

मंचुरियनचं माप लावणं

गोबी मंचुरियन, शेजवान राइस हे आपलं भारतीय चायनीज आहे आणि ते चवदार आहे, त्यात कमीपणा काही नाही. चिकन मंचुरियन १९७५ च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी केलं असं सांगतात. पण त्या मापाने थाई करी किंवा जपानी सूप मोजायला गेलं की सगळंच फिक्कं लागणार. जपानी जेवणात मसाला शोधू नका, तिथे रश्शाची चव बघायची. त्या चवीला उमामी म्हणतात, किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ मधे कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळातून ती ओळखली. पहिले दोन-तीन घोट काहीच कळत नाही, चौथ्या घोटाला तोंडात भरून राहते. एवढा धीर द्या.

आणि सेचुआन, म्हणजे चीनमधल्या त्या प्रांताच्या जेवणाचा, काउंटर दिसला तर तिथे लाल गोड शेजवान चटणी मागू नका. तिथल्या जेवणात सेचुआन पेपर असतो, तो आपल्या कोकणातल्या तिरफळाचा सख्खा भाऊबंद, दोन्ही एकाच वनस्पती कुळातले. खाल्ल्यावर ओठ-जीभ झिणझिणतात, बधिर झाल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा खाणारे घाबरतात की काहीतरी झालं. काही होत नाही, थोड्या वेळात जातं. मात्र ओठ सुजले, अंगाला खाज सुटली, श्वास घ्यायला त्रास झाला तर ती झिणझिण नाही, अ‍ॅलर्जी आहे, तेव्हा वाट न बघता दवाखाना गाठायचा. सोया, तीळ, शेंगदाणे, कोळंबी ही या जेवणात पदोपदी असतात, म्हणून घरात कुणाला यातलं काही चालत नसेल तर ऑर्डरच्या आधी सांगा.

ज्यांना सुरुवात कुठून करावी कळत नाही त्यांनी खाऊसुए घ्या. बर्मी पदार्थ, नूडल्स आणि नारळाच्या दुधाचा रस्सा, त्याला दाटपणा यायला हरभऱ्याचं पीठ लावतात, म्हणजे आपल्या घरातलंच बेसन. नंदुरबार-नवापूरकडच्यांनी सुरतेला हा खावसा म्हणून खाल्लाही असेल. दुसरं म्हणजे पॅड थाई, परतलेल्या थाई राइस नूडल्स, त्यात चिंच, गूळसर गोडवा आणि वरून शेंगदाण्याचा कूट, शेंगदाण्यावर वाढलेल्या खान्देशी माणसाला हे आवडलं नाही असं होणं अवघड आहे. फक्त त्यात अंडं, कोळंबी, फिश सॉस असतो, त्याचं पुढे बघू.

"व्हेज आहे ना?" एवढंच विचारणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि मला याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय. आपल्या भागात घरोघरी माळकरी आहेत, मुक्ताईच्या दर्शनाला जाणारे आहेत, जैन-मारवाडी कुटुंबं आहेत, आणि मांसाहार करणाऱ्या घरातही श्रावण पाळणारी एक तरी आजी असते. त्यांना हौसेनं घेऊन जायचं आणि नकळत त्यांच्या ताटात मासा जायचा, हे होऊ नये. "व्हेज आहे ना" विचारलं की काउंटरवरचा पोरगा वरचे तुकडे बघून "हो" म्हणतो, आणि भाज्याच असतात वर. मासा असतो तो रश्शात, सॉसमधे, पेस्टमधे.

थाई करीच्या पेस्टमधे पारंपरिक पद्धतीत वाटलेली कोळंबी असते, लाल असो की हिरवी. टॉम यम सूपात फिश सॉस. जपानी मिसो सूप दिसायला नुसतं सोयाबीनचं, टोफूचे (सोयाबीनच्या पनीरचे) चौकोन तरंगताहेत, पण त्याचा मूळ रस्सा दाशी असतो आणि दाशीत बहुतेक वेळा बोनिटो माशाच्या सुकवलेल्या कापा उकळलेल्या असतात. किमची म्हणजे कोबी-मुळ्याचं आंबवलेलं लोणचं, पण कोरियात तिच्यात खारवलेली कोळंबी किंवा अँकोव्ही माशाचा सॉस घालायची रीत आहे. परतलेल्या भाज्यांवर जी चकाकी असते ती पुष्कळदा ऑयस्टर सॉसची, म्हणजे कालवांच्या सॉसची. रामेनचा पांढरा दाट रस्सा, टोनकोत्सू, डुकराच्या हाडांचा असतो. फो हे व्हिएतनामी नूडल सूप तर मुळात गोमांसाच्या रश्शाचा पदार्थ, आपल्याकडच्या हॉलमधे बहुधा चिकनचा किंवा भाज्यांचा देतात, तरी विचारायचंच.

मंग विचारायचं कसं? पदार्थाचं नाव घेऊन नेमकं विचारा: "यात फिश सॉस आहे का, ऑयस्टर सॉस आहे का, पेस्टमधे श्रिम्प आहे का, सूपचा स्टॉक कशाचा आहे, नूडल्समधे अंडं आहे का?" आणि पुढचा प्रश्न, "व्हेजसाठी वॉक आणि तळायचं तेल वेगळं आहे का?" बऱ्याच ठिकाणी चांगली सोय असते, मशरूम आणि कोम्बूची दाशी, मशरूमचा ऑयस्टर सॉस, फिश सॉसऐवजी सोया सॉस, किमची बिनामाशाची. म्हणून विचारलं की पदार्थ सोडून द्यावा लागतो असं नाही, उलट पर्याय कळतो. काउंटरवाल्याला उत्तर माहीत नसेल तर आत शेफला विचारून ये म्हणावं. तरी गोलमोल उत्तर आलं तर आजीसाठी ते घेऊ नका, दुसरा काउंटर बघा.

मेनूवरच्या खुणाही बघून ठेवा, हिरव्या चौकोनात हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, आणि मांसाहारीला आता तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो, जुना गोल नाही. गोड पदार्थातही लक्ष द्या. जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, अगर-अगर समुद्री शेवाळापासून, आणि थरथरणारं पुडिंग दोन्हीने होतं, नुसतं बघून ओळखता येत नाही.

जैन मंडळींसाठी अजून अवघड, कारण लसूण-कांदा आधीच तयार सॉसमधे वाटलेला असतो, "लसूण टाकू नका" म्हटलं तरी तो निघत नाही. त्यांनी जिथे समोर बनवून देतात तिथेच घ्यावं. काकडीचा किंवा अवोकाडोचा सुशी रोल बघा. सुशीत कच्चा मासा असतोच असं नाही, तिचा मुख्य भाग व्हिनेगर लावलेला चिकट भात. भातात काय मिसळलंय तेवढं विचारून घ्या.

आम्ही खान्देशी, आम्हाला तिखट काय सांगता

काळ्या मसाल्याची शेवभाजी आणि ठेचा खाणारी माणसं आपण, नंदुरबारची मिरची घरची, त्यामुळे "एक्स्ट्रा स्पायसी" मागायची घाई होते. तिखटात प्रकार आहेत भो. सुशीबरोबर येणारा वसाबीचा हिरवा गोळा चटणी समजून चमच्याने खाऊ नका, तो मिरचीसारखा जिभेला नाही लागत, थेट नाकातून डोक्यात जातो, मोहरीचा झणका असतो त्याच जातीचा. लागलाच तर तोंडाने शांतपणे श्वास सोडा, मिनिटभरात उतरतो. थाई बारीक मिरचीचं उलटं, ती हळू चढते आणि टिकते. तिथे पाणी पिऊन उपयोग नाही, मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्याने आग अजून पसरते. दूध, दही, लस्सी जे मिळेल ते घ्या, नाहीतर कोरा भात खा. कोरियन मिरचीची पेस्ट गोचुजांग दिसायला लालभडक पण चवीला गोडसर-आंबूस, ती न घाबरता घ्या.

पहिल्यांदा "मीडियम" मागा, तिखट वरून टाकता येतं, काढता येत नाही. आणि चाखण्याचा क्रम ठेवा: आधी सुशी, वाफवलेले डिमसम, मंग सूप, मंग करी, शेवटी सेचुआन. उलटं केलं तर नंतरच्या सौम्य पदार्थांची चव लागतच नाही.

काउंटरवरच्या माणसांशी बोलणं

हे लिहायलाच पाहिजे. अशा ठिकाणी मणिपूर, नागालँड, मिझोराम, दार्जिलिंगकडची पोरंपोरी पुष्कळ काम करतात. त्यांना "ए चायनीज" म्हणून हाक मारणं, चेहऱ्यावरून काहीबाही बोलणं, हे आपल्या मंडळींकडूनही होतं आणि ते वाईटच आहे. आपल्याच देशातली पोरं आहेत, घर सोडून लांब आलेली, जशी आपली पुण्यात आहेत. दादा-ताई म्हणा आणि त्यांनाच विचारा की "आज तुम्ही यातलं काय खाल?" मेनूपेक्षा हे उत्तर कामाचं असतं.

बारीकसारीक पण नडणाऱ्या गोष्टी

चॉपस्टिक जमत नसेल तर बिनधास्त काटा-चमचा मागा, सुशी तर हाताने खाल्लेलीही चालते. फक्त काड्या भातात उभ्या खोचून ठेवू नका, जपानमधे ते अंत्यविधीला करतात.

सुशी सोया सॉसमधे बुडवून भिजवू नका, नुसती टेकवा, तो सॉस खारट असतो, बीपीवाल्यांनी तर जपूनच. बबल टीमधले काळे गोळे टॅपिओकाचे, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्याच कंदाचे, पण जाड नळीतून ते झटकन घशात जातात, लहान लेकरांना नळीने देऊ नका, चमच्याने चावून खाऊ द्या.

पार्सल घेऊन रात्रीच्या गाडीने भुसावळला यायचा बेत असेल तर सुशी, सीफूड आणि भात अजिबात घेऊ नका. शिजवलेला भात उबेत तासन्‌तास राहिला की त्यात जंतू वाढून विष तयार होतं आणि ते परत गरम करूनही जात नाही, त्यात आपला उन्हाळा जळगावला पंचेचाळीस अंशांवर जाणारा. घरच्यांना काही न्यायचंच असेल तर बंद बाटलीतली गोचुजांग, सोया सॉस, कोरड्या राइस नूडल्स न्या, घरी करता येतील. जवळच राहायला असाल आणि रामेन बांधून न्यायचं असेल तर रस्सा आणि शेवया वेगळ्या द्यायला सांगा.

बिल वाचा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो ऐच्छिक आहे, लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा. काही हॉलमधे आधी पैसे भरून कार्ड घ्यावं लागतं. तिथे एकदम दोन हजार टाकू नका, पाचशेने सुरुवात करा, हवं तसं भरत जा, आणि उरलेले पैसे परत मिळतात का, किती दिवसांत, हे कार्ड घेतानाच विचारून ठेवा, कारण निघताना ट्रेनची घाई असते आणि परताव्याच्या खिडकीवर रांग.