जुन्या बोटीची इंजिनं बदलताना: अलाइनमेंटची घाई करू नका

वायरी, नळ्या, इंधनाचे पाइप सोडवण्याबद्दल सांगत बसत नाही. इंजिन बदलायला निघालात म्हणजे तेवढं येतंच.

बोटीला दोन इंजिनं असतील तर दोन्ही एकदमच काढा. एक यंदा, एक पुढच्या वर्षी असा हिशेब केलात तर दोघांची ओढ कधीच सारखी राहत नाही. जागा मोकळी झाली की तळ घासून काढा आणि इंजिनाखालच्या आधारात बारीक ड्रिल मारून भुसा बघा. कोरडा, फिका असेल तर भोकं बुजवा आणि पुढे चला. काळपट, ओलसर निघाला तर आधी आधार नवे करा. गिअरबॉक्सचा रेशो बदलला तर पंखेही (प्रोपेलर) बदलावे लागणार, हे आधीच धरून चला. मग नवी इंजिनं आत उतरवा.

आता अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि पंखा फिरवणारा दांडा (शाफ्ट) एका रेषेत आणणं. पहिल्या वेळी मी बोट जमिनीवर असतानाच कपलिंग (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्या) आवळून मोकळा झालो. पाण्यात गेल्यावर अशी थरथर, की टेबलावरचा कप आपोआप कडेला यायचा. मोसम संपायच्या आत शाफ्टचं मागचं रबरी बेअरिंग खलास. दोष इंजिनाचा नव्हता. बोट टेकूंवर उभी असते तेव्हा तिचा तळ वेगळा वाकतो, पाण्यात वेगळा. जुन्या बोटीचा तर जास्तच. म्हणून जमिनीवर फक्त अंदाजाने जुळवा, बोट पाण्यात सोडा आणि दोन दिवस हात लावू नका. टाक्या नेहमीइतक्या भरलेल्या हव्यात.

दुसरी गोम शाफ्टची. सुटा शाफ्ट स्वतःच्या आणि कपलिंगच्या वजनाने खाली झुकतो. त्या झुकलेल्या शाफ्टला इंजिन जुळवलंत तर सगळी मेहनत पाण्यात. तो उचलून, ज्या नळीतून बोटीबाहेर जातो तिच्या मध्यावर आणा, खाली पाचर लावा, मगच मापं घ्या. कपलिंगची दोन तोंडं जवळ आणून वर, खाली, डावी-उजवीकडे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. चार इंची कपलिंगला सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान फटीतला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत हवा. खाली फट जास्त असेल तर इंजिनाचं पुढचं टोक उतरवा, वर जास्त असेल तर उचला. माउंटचा (इंजिन ज्यावर बसतं त्या रबरी पायाचा) नट एका वेळी पाव फेराच फिरवा आणि दर वेळी चारही मापं पुन्हा घ्या. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

मग इंजिनाकडची बाजू स्थिर ठेवून फक्त शाफ्ट अर्धा फेरा फिरवा. मोठी फट जागच्या जागी राहिली तर इंजिन अजून तिरकं आहे. फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट वाकलाय किंवा त्याच्याकडचं कपलिंग वाकडं आहे. तिथे इंजिन हलवत बसू नका, फुकट दिवस जाईल.

‘फ्लेक्झिबल कपलिंग लावा, मग अलाइनमेंट चालून जातं’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. ते थरथर झेलतं, वाकडेपणा सरळ करत नाही. भार बेअरिंगवरच येतो.

दुसऱ्या इंजिनाला हेच सगळं पुन्हा. बोल्ट आवळा, फुल थ्रॉटल देऊन ठरलेला आरपीएम गाठतो का बघा. कमी पडला तर पंख्याचा पिच (पात्यांचा तिरकेपणा) कमी करून घ्या. पहिल्या वीसेक तासांनंतर कपलिंग सोडून पुन्हा गेज घाला, कारण तोवर माउंटचं नवं रबर थोडं दबलेलं असतं.