डॅशबोर्डची पट्टी घरी बदलताय? या चुका टाळा

सेकंड हँड जर्मन सेदान घेतली, तेव्हा डॅशबोर्डवरच्या लाकडी पट्टीला केसासारख्या बारीक चिरा होत्या. लाकूड शाबूत होतं, वरचा चकचकीत लॅकर उन्हानं तडकला होता. पट्टी घरीच बदलायची ठरवली. काम तासाभराचं. माझे त्यात दोन रविवार गेले, आणि एसी व्हेंटची फ्रेम नवी आणावी लागली ती वेगळीच.

पहिली चूक गाडीला हात लावायच्या आधीच होते, मोबाइलवर. युरोप-अमेरिकेतली पट्टी स्वस्त दिसते म्हणून लोक मागवतात. तिथल्या बहुतेक गाड्यांचं स्टेअरिंग डावीकडं, आपलं उजवीकडं. लांब पट्टी डॅशच्या ज्या बाजूला हवी, तिथं नेमकी उलट आकाराची हातात येते. इंग्लंडच्या गाड्या आपल्यासारख्याच, त्यामुळं तिथला पार्ट जुळायची शक्यता जास्त, पण डोळे झाकून तोही घेऊ नका. चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा. बीएमडब्ल्यू असेल तर १७ पैकी शेवटची ७ अक्षरं-आकडे पार्ट कॅटलॉगला पुरतात. अँबियंट लाइटची (रात्री आत मंद उजेड देणारी) आणि बिनलाइटची पट्टी फोटोत जुळ्या बहिणींसारखी दिसते, मागची खाच मात्र वेगळी असते. परत पाठवायचा खर्च आणि कस्टमचा भुर्दंड धरला तर स्वस्त पट्टी सगळ्यात महाग पडते.

बॅटरी

नुसती पट्टी तर काढायचीय, बॅटरी कशाला सोडवायची, असं वाटतं. पण पट्टीच्या मागं-वर प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग असते आणि तिच्या वायरी त्याच भागातून फिरतात. एअरबॅगचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लग, सहसा पिवळे असतात. पिवळं दिसलं की हात मागं घ्या. आधी किल्ली बंद, मग दहाच्या पान्यानं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, आणि निदान १० मिनिटं चहा प्या. एअरबॅगच्या सर्किटमध्ये साठलेला चार्ज उतरायला वेळ लागतो. कपलर सुटा असताना ‘बघू चालतंय का’ म्हणून किल्ली फिरवलीत, तर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही.

एक गंमत सांगतो. बऱ्याच बीएमडब्ल्यू सेदानमध्ये बॅटरी डिकीत असते आणि डिकीचं लॉक विजेवर चालतं. टर्मिनल काढून डिकी धाडकन बंद करू नका. पुढं काय होतं ते मला विचारू नका.

ओढाओढी

माझी फ्रेम मोडली ती इथं. पट्टीचं दाराकडचं टोक सुटलं, पुढं एकेक क्लिप टक-टक निघत गेली, आणि व्हेंटजवळ येऊन पट्टी अडली. मी म्हटलं, शेवटचीच क्लिप घट्ट असणार. जोर लावला. काडकन आवाज झाला. क्लिप नव्हतीच ती. पट्टीचं टोक व्हेंटच्या फ्रेमखाली होतं आणि फ्रेमच्या आत एक स्टार स्क्रू.

मोडकी फ्रेम घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी ती हातात फिरवून बघितली आणि एवढंच म्हणाले, “निघत न्हाई म्हंजे कुठंतरी अडकलंय. वडायचं न्हाई, बघायचं.” तेव्हापासून माझा नियम एकच. अडलं की हात सोडायचा आणि टॉर्च लावून फटीत बघायचं. लपलेला स्क्रू बहुधा व्हेंटच्या आत, डॅशच्या कडेच्या टोपणाखाली किंवा ग्लव्ह बॉक्सच्या वरच्या काठाला सापडतो.

सुरुवातही कुठूनही करायची नसते. दार उघडलं की डॅशच्या कडेला जे टोपण दिसतं ते आधी काढा, तिथून पट्टीच्या मागं बोट जातं. स्क्रू ड्रायव्हर फटीत घालू नका. त्याचा वळ डॅशच्या मऊ कातडीवर कायमचा राहतो. पट्टी उचकटायच्या प्लास्टिकच्या हत्यारांचा संच ऑनलाइन मिळतो. मी एका टर्नरकडून नायलॉनचा तुकडा घासून घेतला, तो अजून चालतो. शेजारच्या कडांना मास्किंग टेप लावा आणि हातातलं कडं, घड्याळ, अंगठी काढून ठेवा. थंडीतल्या सकाळी प्लास्टिक कडक असतं आणि लवकर तुटतं. गाडी थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवा, मग हात लावा. हॅझर्ड स्विचचा कपलर वायर धरून ओढू नका, त्याचा खटका दाबून सोडवा.

बसत नाही, वाजतंय

नवी पट्टी एका टोकाला उचलून राहते तेव्हा ठोसे मारू नका. पट्टी निघताना पत्र्याच्या काही क्लिपा डॅशच्या भोकातच अडकून राहतात. त्या नाकाडी पकडीनं काढून नव्या पट्टीला लावाव्या लागतात, नाहीतर एकाच भोकात दोन क्लिपा होतात. पसरलेली क्लिप पुन्हा वापरू नका. चकचकीत काळी पट्टी असेल तर संरक्षक फिल्म कडांवरून आधीच सोलून घ्या, नंतर तिचे तुकडे फटीत अडकतात. खाच तुटली म्हणून इन्स्टंट ग्लू लावायचा मोह आवरा. त्याच्या वाफेनं काळ्या पृष्ठभागावर पांढरट डाग पडतो.

सगळं बसलं, पण बॅटरी जोडल्यावर काचा एका बोटात वर जात नाहीत, म्हणून घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरलं की ती आपली जागा पुन्हा शिकते. स्टेअरिंगचा किंवा ट्रॅक्शनचा (चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा दिसला तर स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून थोडं चालवा, बहुधा जातो. एअरबॅगचा दिवा राहिला तर मात्र स्वतः काही करत बसू नका, स्कॅन करून घ्या.

माझ्या गाडीत दोन महिने टिक-टिक होती. गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो की सुरू, गावात गप्प. पट्टीच्या मागं कापडी टेप लावली, वायरी बांधल्या, फरक नाही. काढलेल्या क्लिपा डबीत ठेवलेल्या होत्या, त्या एकदा मोजल्या. अकरा. पट्टीवर जागा बारा. ग्लव्ह बॉक्स उतरवला तर बारावी क्लिप मागच्या एका कडेवर, प्रत्येक खड्ड्याला उडी मारत बसलेली.