मुलांसाठी चित्रकादंबरी कशी करावी?

गोव्यातल्या खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधावरची मानस (पाण्याची लाकडी झडप) काम करताना तुम्ही पाहिली आहे का? बाहेर भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच रेट्याने लाकडी दारं मिटतात आणि शेतात खारं पाणी शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा जोर होतो आणि दारं आपसूक उघडतात. हे सांगायला मला तीन वाक्यं लागली. चित्रकादंबरीत चार चौकटी पुरतात, आणि त्यांत एकही शब्द लागत नाही. म्हणून पुस्तक करताना प्रत्येक पायरीवर मी एकच प्रश्न विचारते: हे चित्राने भागेल का?

गोष्ट लहान घ्या

आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी पहिलं पुस्तक करत असाल तर 48 पानं भरपूर झाली. एक मूल, एक अडचण आणि थोडाच वेळ. समजा, अमावास्येचं उधाण येणार आहे, आजो (आजोबा) तापाने अंथरुणावर आहे आणि मानशीच्या दारात ओंडका अडकलाय. भरती चढायच्या आत नातीला तो काढायचाय. गोष्टीला घड्याळ आपोआप मिळालं! पाच वाक्यांत गोष्ट सांगता येईना, तर ती अजून पिकलेली नाही असं समजा आणि थांबा.

संहिता पानापानाने लिहा

पानावर चार ते सहा चौकटी धरा. प्रत्येक चौकटीत काय दिसतं ते आधी लिहा, कोण काय बोलतं ते नंतर. माझ्या वहीत ते असं असतं:

पान 14. चौकट 1: कंदिलाच्या उजेडात मानशीचं दार, फटीतून पाणी आत येतंय. चौकट 2: मुलीचे अनवाणी पाय, पाणी घोट्यापर्यंत. चौकट 3: तेच पाय, पाणी गुडघ्यापर्यंत. चौकट 4: तिचा चेहरा. ‘आजो म्हणालेला, आधी दोरी बांध.’

‘पाणी वाढत होतं’ असं इथे कुठेच लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर दुसरी आणि तिसरी चौकट वाया गेली असती.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे गोव्यात जरा वेगळा आहे. पेडणे, डिचोली, सत्तरीतली कितीतरी मुलं घरी कोकणी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. त्यांच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली की पात्रं लाकडी होतात. म्हणून आजो, खाजन, मानस, कुर्ली (खेकडा) हे शब्द तसेच राहू द्या. खाली टीप नको. शेजारी कुर्ली नांगी उगारून उभी असेल, तर पुण्यातल्या मुलालाही शब्द कळतो.

कच्चं पुस्तक करून मुलांच्या हाती द्या

ही पायरी कधीही गाळू नका. ए-फोरचे 12 कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, 48 पानांचं पुस्तक तयार होतं. त्यात पेन्सिलीने काड्यांची माणसं काढून सगळी गोष्ट बसवा. सम क्रमांकाचं पान डावीकडे येतं आणि पान उलटल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे दचकवायचं ते सम पानावर ठेवा.

मग चार-पाच मुलांना ते वाचायला द्या आणि स्वतः गप्प बसा. मूल बोट फिरवत वाचतं. बोट संवादाच्या चुकीच्या फुग्याकडे गेलं, तर दोष तुमच्या मांडणीचा. जो आधी बोलतो त्याचा फुगा डावीकडे आणि वर हवा. मूल मागचं पान पुन्हा उघडून पाहतं, तिथे एक चौकट कमी पडलेली असते. या वेळी दुरुस्ती खोडरबराने होते. रंग भरल्यावर तीच दुरुस्ती आठवडा खाते.

चित्रं आणि करार

स्वतः चित्रकार नसाल, तर पणजीत आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात चौकशी करा. ओळखीतलं काम असलं तरी करार कागदावर हवा: मानधन किती, मूळ चित्रं कोणाकडे राहणार, दुसऱ्या आवृत्तीचं काय. हक्क सोपवताना मुदत लिहिली नाही, तर 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

संगणकावर काम करायला क्रिटा आणि इंकस्केप ही चित्रकामाची सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

अक्षरं

मराठी पुस्तकांची सगळ्यात जास्त हेळसांड इथे होते. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, तेव्हा दोन ओळींत मोकळी जागा सोडा आणि फुगा मजकुरापेक्षा ऐसपैस काढा. मुक्त आणि बलू हे फाँट विनाशुल्क आहेत आणि मुलांना वाचायला सोपे जातात. धप्प, खळ्ळकन्, चुबुक हे आवाज मात्र हातानेच काढा. नादाच्या शब्दांत मराठी श्रीमंत आहे, ती श्रीमंती पानावर दिसू द्या.

माझ्या एका पुस्तिकेत छापखान्याच्या संगणकावर फाईल उघडली आणि ‘किनाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ फुटून दोन तुकडे झाले. दोनशे प्रतींवर तसाच छापला गेला. तेव्हापासून फाईल पाठवण्याआधी सगळा मजकूर मी कर्व्हमध्ये बदलते (म्हणजे अक्षरांचं चित्र होतं, फाँट लागत नाही) आणि जोडाक्षरं एकेक करून तपासते.

छपाई

चित्रं 300 डीपीआय (इंचाला इतके ठिपके), रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे), चारी बाजूंनी कापणीसाठी 3 मिलिमीटर जादा. पडद्यावर झळझळणारं पावसाळी भाताचं हिरवं कागदावर मळकट उतरतं, म्हणून एक रंगीत पान आधी छापून दिवसाच्या उजेडात बघा. दोन-तीनशे प्रतींना डिजिटल छपाई परवडते, हजाराच्या घरात ऑफसेट. 48 पानांना मधली पिन चालते, फक्त एकूण पानं चारच्या पटीत हवीत.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून ऑनलाइन आणि मोफत मिळतो. स्वतः प्रकाशक असाल तरी अर्ज करता येतो. 1954च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर 30 दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय धरून चार ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात. एक प्रत पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातही नेऊन द्या.

प्रकाशन

भाषणं आवरती घ्या. गावातल्या शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात पडदा लावा, पानं मोठी करून दाखवा आणि संवाद मुलांनाच वाटून द्या. आवाज काढायला तर सगळा वर्ग उठतो. 14 नोव्हेंबरला शाळा सहज वेळ देतात, पण त्यासाठी मुख्याध्यापकांना महिनाभर आधी भेटा आणि कच्चं पुस्तक सोबत न्या. विक्रीचं टेबल दाराजवळ ठेवा, किंमत गोल आकड्यात ठेवा म्हणजे सुट्ट्यांवाचून अडत नाही.

पहिल्या छपाईतली एक प्रत स्वतःकडे राखा. मुलं वाचताना ज्या चुका दाखवतील त्या तिच्यातच लाल पेनने खुणावून ठेवा. दुसऱ्या छपाईची फाईल त्याच प्रतीवरून दुरुस्त करायची आहे.