कालवडीच्या मानेवरचा मस कधी कापावा?

आधी मस आहे का, याची खात्री करा. मस कातडीच्या वर आलेला, खडबडीत, फुलकोबीसारखा असतो आणि जनावर खाऊन-पिऊन ठणठणीत असतं. ताप, पायांवर सूज आणि अंगभर कातडीत रुतलेल्या गोल गाठी दिसल्या तर लम्पी त्वचारोगाची शंका घ्या आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मस असलेलं जनावर वेगळं बांधा. वेसण, दावं, खरारा ज्याचा त्याला. बिल्ला मारायचं यंत्र निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या वासराला लावू नका. मस विषाणूमुळे होतो आणि तो कातडीवरच्या ओरखड्यातून शिरतो.

आता कापणं. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, माझीही झाली आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका संकरित कालवडीच्या मानेवरचा लिंबाएवढा मस मी मालकाच्या आग्रहाखातर लगेच काढला. दीड महिन्यात त्याच जागी मोसंबीएवढा उगवला, शेजारी तीन नवे. तो वाढतोय की थांबलाय, हे मी विचारलंच नव्हतं.

जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट पीडीजीएफ नावाचा वाढघटक सोडतात. तो कातडीतल्या तंतुपेशींच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो, पेशी वाढतात आणि जखम भरली की थांबतात. गाईला मस आणणाऱ्या पॅपिलोमा विषाणूचे प्रकार 1 आणि 2 हे ई5 नावाचं प्रथिन बनवतात, अवघ्या 44 अमिनो आम्लांचं. ते वाढघटक नसतानाही हाच रिसेप्टर चालू ठेवतं, आणि पेशी थांबायचं विसरतात. वाढीला लागलेल्या मसावर सुरी फिरवली आणि थोडं मूळ मागे राहिलं, तर त्या बाधित पेशींना जखमेतला वाढघटकही आयता मिळतो.

म्हणून दर 15 दिवसांनी दोऱ्याने घेर मोजा आणि गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. लागोपाठ दोन मापं सारखी आली किंवा मस सुकू लागला, तरच कापायचं ठरवा. बहुतेक मस काही महिन्यांत, कधी वर्षभरात, आपोआप गळतात; ते काम जनावराची प्रतिकारशक्ती करते. चुना लावला म्हणून गळला असं सांगणाऱ्यांनी बहुधा नेमका गळायच्या वेळी चुना लावलेला असतो. बॅटरीचं पाणी तर अजिबात लावू नका, मी त्याने सडलेल्या जखमा पाहिल्या आहेत.

कापायचं काम पशुवैद्यकाचं: भूल देऊन, मुळासकट. नंतर जखमेवर माश्या बसू देऊ नका.

गोठ्यात बऱ्याच वासरांना मस असतील तर कापलेला तुकडा फेकू नका. त्यापासून फॉर्मॅलिनने विषाणू मारून त्याच गोठ्यासाठी लस करता येते. पण तुकडा वरच्या खरखरीत कातडीसकट द्या. नवे विषाणू तिथेच तयार होतात. आतल्या पांढऱ्या गाभ्यात ते मिळत नाहीत. नुसता गाभा घासून केलेल्या लशीला अर्थ नाही. ही लस उगवलेला मस घालवण्यापेक्षा नवे टाळायला जास्त उपयोगी पडते.

सडावरच्या मसांना हे वेळापत्रक लावू नका. ते सहजी गळत नाहीत. ती गाय सगळ्यात शेवटी पिळा, हात साबणाने धुवा आणि सड चिरत असतील तर लगेच डॉक्टरांना दाखवा.