लिनक्सवरून विंडोज ११ चा बूटेबल पेनड्राइव्ह कसा बनवावा

लिनक्सची आयएसओ (म्हणजे डिस्कची एका फाइलीत साठवलेली प्रत) 'डीडी' या लिनक्सच्या आज्ञेने पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली की तो बूट होतो. विंडोजच्या आयएसओबाबत हे जमत नाही, आणि बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो. विंडोजची आयएसओ डीव्हीडीसाठी रचलेली असते. तिच्यातली यूडीएफ फाइल सिस्टिम (फाइली साठवायची पद्धत) बहुतेक मशीनच्या यूईएफआयला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरला, वाचता येत नाही, फॅट३२ मात्र हमखास येते. म्हणून फॅट३२ पार्टिशन करून त्यात विंडोजच्या फाइली ठेवल्या की काम होते. वेगळा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) बसवायची गरज नाही. फर्मवेअर स्वतःच 'ईएफआय' फोल्डरातल्या 'बूट' फोल्डरात जाऊन बूटएक्स६४.ईएफआय ही फाइल चालवते.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या. त्यावरचे सगळे पुसले जाणार आहे. उबुंटूत जीपार्टेड हा पार्टिशन करायचा प्रोग्राम उघडा आणि उजव्या कोपऱ्यातल्या यादीतून पेनड्राइव्ह निवडा. इथे घाई करू नका. नावावर न जाता आकार पाहा, कारण चुकून आतली हार्ड डिस्क निवडलीत तर तिच्यावरचा डेटा जाईल. पार्टिशन अनमाउंट करा (सिस्टिमपासून सोडवा), 'डिव्हाइस' मेनूतून नवे पार्टिशन टेबल (पार्टिशनांची नोंद) 'जीपीटी' प्रकारचे करा, मग पूर्ण जागेचे एकच फॅट३२ पार्टिशन करून हिरव्या खुणेवर क्लिक करा.

आता आयएसओ माउंट करून (डिस्कसारखी उघडून) आतल्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर कॉपी करा. फक्त 'सोर्सेस' फोल्डरातली इन्स्टॉल.विम वगळा. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहू शकत नाही, आणि विंडोज ११ च्या आयएसओत ही फाइल सहसा त्याहून मोठी असते. ती तोडावी लागते. त्यासाठी 'विमटूल्स' हे पॅकेज बसवा. टर्मिनलमध्ये 'विमस्प्लिट' ही आज्ञा लिहून क्रमाने तीन गोष्टी द्या: आयएसओतल्या इन्स्टॉल.विमचा पत्ता, पेनड्राइव्हच्या 'सोर्सेस' फोल्डरातल्या इन्स्टॉल.एसडब्ल्यूएमचा पत्ता आणि ३८०० हा आकडा. हा आकडा म्हणजे प्रत्येक तुकड्याची एमबीतली मर्यादा. तुकड्यांची नावे बदलू नका, विंडोजचा सेटअप याच नावांनी ते शोधून जोडून घेतो. तुमच्या आयएसओत इन्स्टॉल.विमऐवजी ४ जीबीच्या आतली इन्स्टॉल.ईएसडी असेल, तर ती सरळ कॉपी करा.

कॉपीची पट्टी संपली म्हणजे लिहून झाले असे समजू नका. लिनक्स बराच डेटा आधी रॅममध्ये धरून ठेवते. 'सिंक' ही आज्ञा चालवा आणि ती संपेपर्यंत थांबा, मग 'इजेक्ट' करा. मध्येच ओढून काढलेला पेनड्राइव्ह बऱ्याचदा बूट होतो खरा, पण सेटअप अर्ध्यावर 'ड्रायव्हर सापडत नाही' किंवा फाइल खराब असल्याची तक्रार करतो. अशा वेळी ड्रायव्हर शोधण्याआधी कॉपी पुन्हा करून पाहा.

बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ१२, तर एचपीवर एफ९ दाबा. सिक्युअर बूट (सही नसलेल्या बूट फाइली अडवणारी सोय) बंद करायची गरज नाही, कारण या बूट फाइलवर मायक्रोसॉफ्टचीच सही असते. मेनूत पेनड्राइव्ह दिसलाच नाही, तर आधी 'ईएफआय' फोल्डर कुठे आहे ते तपासा. आयएसओच्या नावाचा अख्खा फोल्डरच कॉपी झाला असेल, तर फर्मवेअरला तो सापडत नाही. आतल्या फाइली बाहेर, थेट पार्टिशनच्या मुळाशी आणा. जुन्या, फक्त बायोस (यूईएफआयच्या आधीचे फर्मवेअर) असलेल्या मशीनवर हा पेनड्राइव्ह चालणार नाही. तिथे एमबीआर या जुन्या प्रकारचे पार्टिशन टेबल, ॲक्टिव्ह पार्टिशन आणि बूट कोड लिहिणे असे वेगळेच काम करावे लागते.