स्कूबाची टाकी घसरली, पट्टा चुकीचा ओवला होता

मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटावर स्कूबा डायव्हिंगला गेलो होतो. बोटीत हवेची टाकी पाठीला पट्ट्याने बांधलेलं जॅकेट हँडलला धरून उचललं आणि टाकी पट्ट्यातून सर्रकन खाली! बरं, पाण्यात उतरायच्या आधी. चूक माझीच. धुण्यासाठी पट्टा बकलातून पूर्ण काढला होता, फोटो काढून ठेवायची अक्कल नव्हती.

बेळगावात परत आल्यावर सरावाला टाकी कुठली? घरचा गॅस सिलिंडर फार जाड. ॲल्युमिनियमची नेहमीची टाकी साधारण 18 सेंटिमीटरची असते. उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमधला आग विझवायचा लाल सिलिंडर जवळपास तेवढाच. मामा म्हणाले, "काय की बाबा, आग लागली तर आधी बकल सोडायचं काय?"

माझ्या बकलाला तीन खाचा. टोक मधल्या खाचेतून खालून वर काढायचं, अलीकडच्या खाचेतून परत खाली घालायचं, म्हणजे पट्टा स्वतःवरच चेपतो. मग खटक्याच्या, म्हणजे बकलाच्या दाबून मिटायच्या भागाच्या, टोकाची तिसरी खाच. ती मी विसरलो होतो. तिच्यातून ओढून खटका दाबायचा, उरलेलं टोक वेल्क्रोवर. खटका लोण्यासारखा मिटला तर पट्टा सैल समजा. जोर लागलाच पाहिजे.

आणखी एक, पट्टा आधी भिजवा. नायलॉन ओलं झालं की ताणतं, कोरड्यात घट्ट वाटलेलं पाण्यात ढिलं पडतं. आता टाकीची झडप धरून जॅकेट खालीवर हलवून बघतो. बोटभरही सरकलं, तर सोडून पुन्हा पहिल्यापासून.