नवी रायफल अडकली की लगेच 'बेकार' म्हणू नका, या चुका टाळा

आपल्या सातारा जिल्ह्यात वाडीगणिक एखादा फौजी सापडतोच, अपशिंगे गाव तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं, त्यामुळे रायफलीवर वाद घालायला भरतीची पोरं आणि रिटायर्ड मंडळी कायम तयार. पण वाद घालताना त्याच त्याच चुका होतात राव.

पहिली चूक म्हणजे अडकली की आख्खी रायफल बाद ठरवायची. अहो आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी बघा! कारगिलला १९९९ साली आपल्या देशी इन्सास रायफलीचं नाव खराब झालं त्यात थंडीनं तडकणारं प्लास्टिकचं मॅगझिन मोठं कारण होतं. ब्रिटिशांच्या एसए-८० रायफलीचं तर मॅगझिनचं बटण अंगाला घासून दाबलं जायचं आणि मॅगझिन चालता चालता खाली. स्प्रिंग ढिली किंवा मॅगझिनचं तोंड जरा वाकडं झालं तरी चांगली रायफलसुद्धा राऊंड (गोळी) नीट उचलत नाही.

दुसरी चूक मोठी, रायफल तपासायची काडतुसातल्या एका दारूवर आणि लढाईत द्यायची दुसरीच दारू. व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या एम-१६ रायफलीचं हेच झालं. काडतुसातली दारू बदलली, त्यानं फायरिंगचा वेग वाढला, आत काजळी जास्त धरायला लागली, चेंबरला (नळीत राऊंड बसतो त्या जागेला) गंज रोखणारा क्रोमचा मुलामा नाही, हवा दमट, त्यामुळे चेंबर गंजून खरबरीत झालं आणि उडालेल्या राऊंडची पुंगळी आतच चिकटून बसायची. मग जवान काय करणार, समोरून गोळ्या येतायत आणि हा नळीत तोंडाकडून सळई घालून पुंगळी ढकलतोय. ती सळईसुद्धा सगळ्यांकडे नव्हती, कारण ही रायफल साफ करायची फारशी गरजच नाही असं सांगितलं होतं (हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे). १९६७ ला अमेरिकी संसदेच्या समितीनं चौकशी केली, चेंबरला क्रोम आलं, बफर (मागं येणाऱ्या भागाचा धक्का झेलणारा तुकडा) बदलला, सफाईचं किट मिळालं, आणि जवानांना समजावं म्हणून चक्क कॉमिक छापून वाटलं. पुढं तीच रायफल कित्येक वर्षं चालली की.

तिसरी, सगळं जवानाच्या माथी मारणं. २००५ ला नेपाळच्या सैन्यानं इन्सासची तक्रार केली तर आपल्याकडून उत्तर गेलं की नीट वापरली नाही. असेलही तसं. पण तापलेल्या रायफलीनं तासन्‌तास लढावं लागतंच, मग टेस्टिंगमध्ये ते धरायला नको का? एसए-८० चं दुखणं १९९१ च्या आखाती युद्धातल्या वाळूत उघडं पडलं, ए-२ ही सुधारलेली आवृत्ती करून दुरुस्ती झाली २००० नंतर, म्हणजे मधली वर्षं जवानानंच भोगली.

आणि 'एके (एके-४७ च्या घराण्यातली रायफल) कधी बिघडतच नाही' हे तर सोडूनच द्या. सुरुवातीला पत्रा ठोकून बनवलेल्या तिच्या बॉडीत इतका माल रिजेक्ट व्हायचा की रशियानं ती अखंड लोखंड कोरून बनवायला घेतली, आणि पत्र्यावर परत यायला १९५९ उजाडलं, एकेएम ही तिची सुधारलेली आवृत्ती आली तेव्हा. त्यामुळे उत्तर प्रदेशातल्या कोरव्याच्या कारखान्यातल्या आपल्या नव्या एके-२०३ बद्दल बोलताना नुसतं 'एके आहे' म्हणून भागणार नाही, मॅगझिन कसलं आणि राऊंड कुठला हे आधी विचारा.